साहेबासाठी बंदूक

राऊळ भावोजी आमच्या सोफ्यावर कधी पाठ टेकून बसले नाहीत. अगदी कडेला टेकायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर, जसं काही आत्ता कुणी येऊन उठवणार आहे. मी दर शुक्रवारी ओरडायची, "अहो, नीट बसा की! सोफा काय चावतोय का?" ते म्हणायचे, "बसलंय मा, वयनी," आणि इंचभर मागे सरकायचे. मी चहा घेऊन बाहेर येईपर्यंत स्वारी पुन्हा कडेला.

बहारीनला आम्ही गेलो तेव्हा सौदीला जोडणारा समुद्रावरचा पूल व्हायचा होता. झिंजमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट, खाली किराणामालाचं दुकान, आणि शुक्रवारी घरात ही मराठी गर्दी. आमचे हे मीना सलमान बंदरावरच्या एका वर्कशॉपमध्ये अकाउंटंट होते. राऊळ भावोजी तिथेच वेल्डर. सावंतवाडीकडचे, चाळिशीचे, काटकुळे, बायको-मुलं गावी. मी मिरजेची. त्यांची मालवणी मला पहिले काही महिने निम्मी कळायची, निम्मी मी चेहऱ्यावरून लावायची.

या माणसाला कशाची लाज वाटायची नाही ते विचारा! दुसऱ्यांदा भात मागायची लाज. गावाचं नाव सांगायची लाज; कुणी विचारलंच तर "वाडीकडे, वाडीकडे" म्हणून हात हलवायचे. कुणी कामाची तारीफ केली तर स्वतःच्या चपलांकडे बघत बसायचे. एकदा माझ्या मैत्रिणीनं सहज विचारलं, "वडील काय करतात?" तर उठून सरळ पाणी प्यायला आत गेले. मला बाई अशा माणसांचा वैताग यायचा. वाटायचं, धरून गदागदा हलवावं.

फक्त एका विषयावर त्यांची ही सगळी लाज पळून जायची. बंदूक.

वर्कशॉपचा मालक अबू युसुफ हौशी होता. हिवाळ्यात वाळवंटात जाऊन मातीच्या तबकड्या हवेत फेकायच्या आणि फोडायच्या, कधी ससा मिळाला तर ससा. त्याच्या बंदुकांच्या पेटीची कडी राऊळ भावोजींनी वेल्ड करून दिली आणि तेव्हापासून बंदुका पुसायचं काम आपसूक यांच्याकडे आलं. मालकाकडची जुनी इंग्रजी कॅटलॉगं ते घरी आणायचे. वाचता येत नसे, पण चित्र बघून सगळं सांगायचे.

"ही बघा, वयनी. पंपाची. ही फुडची लाकडी मूठ असा मा, ती मागे ओढूची, फुडे ढकलूची. रिकामा काडतूस भायर, नवा आत. साधा काम. बिघडात असा काय नाय हेच्यात."

"आणि ती दोन नळ्यांची? ती दिसायला छान आहे."

"ती श्रीमंताची," ते म्हणाले. "पयली बंदूक पंपाचीच बरी. एकच घेवची, ती रानातय चालाक व्हयी नि निशाणबाजीकय. नळी लय लांब नको, झाळीत अडाकता. लय आखूड नको, नेम जाता. लाकडावर नक्षी नको, नक्षीचे पैसे कित्याक देवचे?"

आमचे हे पेपरच्या आडून म्हणायचे, "राऊळ, लग्नाची मुलगी बघताय की बंदूक?"

"बंदूक कठीण, साहेब," राऊळ भावोजी गंभीरपणे म्हणायचे. "चेडवाक आवशी-बापूस विचारूक असतत."

ही सगळी चौकशी कशासाठी होती ते त्यांनी आम्हाला सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं. गावी रानडुकरं भात उपटून टाकत होती. बऱ्याच खटपटीनंतर त्यांच्या वडिलांना शेतराखणीसाठी बंदुकीचं लायसन्स मिळालं होतं. बंदूक मात्र नव्हती. तेव्हा गल्फमधून कायमचं परत जाणाऱ्याला, गावचं लायसन्स असेल तर, एक बंदूक सोबत नेता यायची. कागदांची यातायात होती, पण अबू युसुफनं ती अंगावर घेतली होती. बंदूक निवडायची तेवढी राहिली होती. दोन वर्षांत परत जायचं आणि बापसाच्या हातात बंदूक द्यायची, हा राऊळ भावोजींचा बेत. त्यांच्या सगळ्या खानदानात कुणाकडे बंदूक नव्हती. गावात होती ती फक्त खोतांच्या घरात.

"फुडच्या शिमग्याक पारध होतली तेव्हा बापूस बंदूकवाल्यांच्यात बसतलो," ते म्हणायचे. हे बोलताना मात्र त्यांची मान ताठ असायची.

मनामाच्या बाजारात तंबू, मासे पकडायच्या काठ्या, शिकारी ससाण्यांच्या डोळ्यांवर घालायच्या टोप्या असलं विकणारं एक दुकान होतं. मागच्या भिंतीला कुलपातल्या काचेच्या कपाटात बंदुका. तिथला सेल्समन सुलेमानभाई कच्छचा, तोंडानं गोड आणि आवाजानं दणदणीत. आम्ही बाजारात निघालो की राऊळ भावोजी बरोबर यायचे आणि हमखास त्या दुकानापाशी रेंगाळायचे. पहिल्यांदा मी त्यांच्याबरोबर आत गेले तेव्हा सुलेमानभाईनं विचारलं, "किसके लिए चाहिए, भाई? तुम्हारे लिए?"

राऊळ भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं. "नहीं नहीं. साहब के लिए. हमारा साहब."

"साहब लंबा है, मोटा है? राइटी है, लेफ्टी है?"

"राइटी," राऊळ भावोजी घाईघाईनं म्हणाले. "मेरे जैसा."

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "अहो, खोटं कशाला सांगितलंत? सरळ सांगायचं, वडिलांसाठी हवीय म्हणून." ते नुसतं हसले. वेल्डरचा शेतकरी बापूस बंदूक घेणार म्हटलं तर सुलेमानभाई फिदीफिदी हसेल, असं त्यांना वाटलं असणार, अशी मी समजूत करून घेतली. त्यानंतर ते कितीदा तरी त्या दुकानात गेले आणि दर वेळी साहेबाचंच नाव पुढे केलं.

मग आमच्या घरात मापं सुरू झाली. बंदुकीचा दस्ता खांद्यापासून चापापर्यंत किती लांब हवा, हे म्हणे हाताच्या मापावरून ठरतं. माझी शिवणाची टेप घेऊन ते कोपर दुमडून उभे राहिले आणि मला कोपरापासून बोटापर्यंत माप धरायला लावलं. मग फरशी पुसायचा माझा दांडा खांद्याला लावून हॉलमध्ये नेम धरायचा सराव.

"गाल असो लाकडार टेकाक व्हयो. ज्या बाजूक गाल, त्याच बाजूचो डोळो नळीवरसून बघता. डोळो हललो की नेम गेलो. समाजला मा, वयनी?"

"समजलं. आता तो दांडा ठेवा, मला फरशी पुसायचीय."

इतकं सगळं आमच्या डोक्यात त्यांनी भरवलं होतं की बायकांच्या भिशीत मी एकदा बारा बोअर आणि वीस बोअरमधला फरक सांगून आले. सगळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

शेवटी त्यांची बंदूक ठरली. पंपाची, साधी, फारशी जड नाही, एका हातातून दुसऱ्या हातात आलेली पण नळी आतून स्वच्छ. परवडणारी. सुलेमानभाईनं ती बाजूला काढून ठेवली. राऊळ भावोजींनी आमच्याकडे पेढे म्हणून मुंबईहून आलेली मलई बर्फी वाटली आणि स्वतः घ्यायला विसरले.

त्याच हिवाळ्यात अबू युसुफनं ऑफिसच्या लोकांना बायकामुलांसकट वाळवंटात नेलं. आम्ही बायका जीपपाशी चटई टाकून बसलो होतो. पुरुष थोड्या अंतरावर तबकड्या फोडत होते. अबू युसुफचा मेहुणा होता, आमचे हे होते. यांनी एकदा बंदूक उडवली आणि खांदा चोळत बसले. मग अबू युसुफनं राऊळ भावोजींना हाक मारली, "यल्ला, राऊल, तू मार!"

ते पुढे झाले. पायाचा पवित्रा, गाल लाकडावर, सगळं आमच्या हॉलमधल्यासारखं. पहिली तबकडी हुकली. दुसरी फुटली, तिसरी फुटली, मग फुटतच गेल्या. अबू युसुफ टाळ्या वाजवायला लागला. आम्ही चटईवरून ओरडलो, "वाहवा, भावोजी!" मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, सुटला हा माणूस एकदाचा.

आणि मग समोरच्या झुडपांत ससा हलला.

अबू युसुफनं त्यांचा हात दाबला. "राऊल, तुझा. मार." मेहुण्यानं आणि त्यानं आपापल्या बंदुका तयार ठेवल्या, हुकला तर असाव्यात म्हणून. राऊळ भावोजींच्या हातात भरलेली बंदूक, वीस-पंचवीस पावलांवर ससा.

बार चुकून उडू नये म्हणून बंदुकीला असतो तो खटका त्यांनी नीट लावला. ती अलगद वाळूवर ठेवली. आणि धावत सुटले.

आम्हाला काही कळेना. वाकून, हात पसरून, झुडपांना मोठा वळसा घालून ते पलीकडे गेले आणि तिथून ओरडायला लागले, "हाऽऽ होऽऽ! हाऽऽ हो हो होऽऽ!" असा आवाज त्या माणसाच्या गळ्यात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. टाळ्या वाजवत, पाय आपटत ते झुडपातून सशाला पुढे काढत होते. आणि ससा आला की हो! सरळ, रेषेत, अबू युसुफच्या पुढ्यात आणून घातला. पण सशाच्या मागोमाग, बंदुकांच्या थेट समोर, राऊळ भावोजी उभे. अबू युसुफनं किंचाळून बंदूक आभाळाकडे केली. मेहुण्यानंही केली. ससा दोघांच्या मधून निघून गेला.

राऊळ भावोजी धापा टाकत बार ऐकू यायची वाट बघत होते. त्यांच्या तोंडावर काम चोख झाल्याचं हसू होतं. मग त्यांनी आमचे चेहरे पाहिले, आपले रिकामे हात पाहिले आणि ते हसू गेलं.

अबू युसुफ आधी भयंकर संतापला. मेला असतास, म्हणाला. मग त्याला हसू फुटलं, मग मेहुण्याला, मग सगळ्यांनाच. सगळ्यांत मोठ्यानं कोण हसत होतं तर आमचे हे. "अहो राऊळ, बंदूक ठेवून सशाला पळत जाऊन पकडणार होतात काय?" मला यांची अशी लाज वाटली की चटईवरून उठून मी जीपच्या मागे गेले. पुढचा महिनाभर यांनी तो किस्सा ऑफिसात आवाजासकट करून दाखवला. येताना राऊळ भावोजी जीपमध्ये बसले नाहीत; तंबूच्या सामानाबरोबर पिकअपच्या मागे बसून आले.

त्यानंतर आमच्याकडे त्यांचं येणं बंद. निरोप पाठवला की "शिफ्ट असा" असं उत्तर. मी यांच्याशी कडाकडा भांडले. शेवटी एका शुक्रवारी सकाळी ते आपणहून आले, हातात सुरमई. हे आंघोळीला गेले होते. भावोजी सोफ्याच्या कडेला बसले आणि मी काही विचारायच्या आतच खाली बघत बोलायला लागले.

"वयनी, आमी हाकेकरी. बापूस, आजो, सगळे. पारधीक खोत नि त्येंचे सोयरे बंदुको घेऊन जाग्यार बसत. आमी रान उठवूचा, आरडत, जनावर त्येंच्या फुड्यात घालूचा. बंदूक कोणाच्या हातात असता ता आमी कधी बघूक नाय. जनावर उठला की आमचे पाय आपसूक धावतत. त्या दिवशी माझ्या हातात बंदूक होती, ता माझ्या पायांका कळलाच नाय."

मी त्यांच्या हातातून सुरमई घेतली आणि बाजूला ठेवली.

"बापसाचो एक डोळो नाय. मी सगळ्यांका सांगतंय, काटो गेलो. काटो नाय. खोताच्या झिलाचे, मुलाचे, छर्रे. बापूस रान उठवीत भायर इलो नि तेना बार काढल्यान. त्या संध्याकाळी बापूस डोळ्याक फडको बांधून खोताच्या घराकडे गेलो. मी सोबत होतंय. माका वाटला, आता बापूस तेका काय ता बोलतलो. बापूस खळ्यात उभो रवलो नि म्हणालो, 'भाऊ, चूक माझी. मी मधी इलंय. तुमचो डुकर गेलो.'"

बाथरूममधलं पाणी बंद झालं होतं. हे दारात टॉवेल घेऊन उभे होते, ते भावोजींना दिसलं नाही.

"सशाच्या दिवशी मी अबू युसुफच्या घराकडे गेलंय. म्हटलं, माफी मागूक व्हयी. तोंड उघाडलंय तर त्येच शब्द. हिंदीत. 'गलती मेरी. मैं बीच में आया.' वयनी, बापसाची लाज वाटता म्हणान मी इतकी वर्षा तेचो डोळो लपयलंय. आनी बोललंय तेच्याच तोंडान."

"बंदूक न्या तुम्ही," मी म्हटलं. माझा आवाज उगाचच चढला होता. "मुद्दाम न्या. बसू देत तुमच्या वडिलांना त्या खोताच्या शेजारी." आणि मग, फरशीच्या दांड्यानं नेम धरता धरता त्यांनी माझ्या डोक्यात इतकं सगळं भरवलेलं असल्यामुळे, पुढचं माझ्या तोंडून आपोआप गेलं. "कोणता डोळा हो गेला त्यांचा?"

"उजवो."

"मग ते उजव्या खांद्याला बंदूक कशी लावणार?"

राऊळ भावोजींनी मान वर केली. उजवा गाल लाकडावर टेकला तर नळीवरून बघायला उजवा डोळाच नको का? वडिलांना बंदूक डाव्या खांद्याला लावावी लागणार. आणि ठरवलेल्या बंदुकीचा खटका उजव्या हाताच्या माणसासाठी. तिचं रिकामं काडतूस उजवीकडून बाहेर उडायचं, म्हणजे डाव्या खांद्यानं उडवणाऱ्याच्या बरोबर तोंडासमोरून, उरलेल्या एकुलत्या डोळ्याजवळून. हे सगळं मला कळायला वेळ लागला. त्यांना लागला नाही. त्यांचा चेहरा बघवेना.

"माप माझ्या हाताचा घेतलंय," ते म्हणाले. "खांदो माझो. डोळो माझो. दोन वर्षा मी म्हणतंय बापसासाठी, बापसासाठी... वयनी, बापूस बंदूक घेऊन उभो असा, असो माका कधी दिसलोच नाय. एकदाव नाय. खोताक दिसलो नसतो तर समाजलंय असतंय. पोटच्या झिलाक दिसाक नको?"

आमचे हे तसेच ओल्या अंगानं पुढे आले. त्यांनी कोटी केली नाही, की घसा खाकरला नाही. "राऊळ, कपडे करतो," एवढंच म्हणाले. "आत्ताच जाऊ दुकानात."

शुक्रवार असला तरी दुपारनंतर सुलेमानभाईचं दुकान उघडं असायचं. आम्ही तिघं गेलो. दुकानात गिऱ्हाईकं होती. दोन बहारीनी, एक गोरा, आणि मासे पकडायच्या दोऱ्या बघणारे आपले केरळचे लोक. सुलेमानभाई लांबूनच गरजला, "आओ! साहब की बंदूक तैयार है!"

राऊळ भावोजी काउंटरपाशी गेले. मला वाटलं, आता वाकून हळूच त्याच्या कानात सांगतील. ते वाकले नाहीत. त्यांचे कान लाल झाले होते.

"साहब की नहीं," ते म्हणाले. आवाज फुटला, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मेरे बाप की. मेरा बाप शिकार में जानवर भगाने का काम करता है. उसका राइट आँख नहीं है. गोली से गया."

गोऱ्यानंही वळून पाहिलं. सुलेमानभाईनं एकदा त्यांच्याकडे आणि एकदा आमच्याकडे पाहिलं, चावी घेतली आणि कपाट उघडलं. बराच वेळ आत शोधून त्यानं एक जुनी पंपाची बंदूक काढली. लाकूड ओरबाडलेलं, पण खटका वर, पाठीवर, कुठल्याही अंगठ्याला पोचणारा. काडतूस खालून पडायचं, जमिनीकडे. "ये दोनों हाथवाली है," तो हळू आवाजात म्हणाला. "बाबा के लिए ये ले जाओ."

राऊळ भावोजींनी ती घेतली. नळी भिंतीकडे केली, आत काडतूस नाही हे स्वतः पाहिलं आणि बंदूक डाव्या खांद्याला लावली. जमेना. हात उलटे, पाय उलटे, सगळंच अवघडलेलं. मग त्यांनी डावा गाल लाकडावर टेकवला आणि उजवा डोळा घट्ट मिटून घेतला.

ते तसेच उभे राहिले. पुढच्या आठवड्यात आम्ही सुट्टीवर भारतात आलो आणि परत गेलो तोवर राऊळ भावोजी कायमचे गावी गेले होते. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं: भर दुकानात, एक डोळा मिटून, वडिलांच्या खांद्यावर बंदूक कशी बसेल ते शोधत.

त्या दिवशी दुकानात शेवटी मीच विचारलं, "दिसले का हो, भावोजी?"

त्यांनी बंदूक खाली घेतली नाही. मिटलेल्या डोळ्यातून पाणी गालावर आलं होतं.

"अजून नाय, वयनी," ते म्हणाले. "हाकेकरीच दिसता. वायच थांबा."